मरीआईचा सुतार

देवावर रुसलेली माणसं मी खंडीभर पाहिली. नवस फळला नाही म्हणून रुसलेली, पाऊस आला नाही म्हणून रुसलेली. लेकीला जावयानं टाकलं म्हणून देव्हारा पालथा घालणारी एक बाई तर आमच्याच घरात होती. चार दिवस गेले की ही सगळी मंडळी पुन्हा नारळ घेऊन देवळापुढं उभी. मुंजाजी सुतार त्यांच्यातला नव्हता. तो देवाची चौकशी करायचा. तालुक्याहून अंमलदार आला की खुर्ची टाकून एकेकाला समोर बोलावतो ना, तसा हा रंधा मारता मारता देवाला पुढं उभा करायचा आणि विचारायचा. देव काही बोलायचा नाही, मग ती चौकशी आमच्यासारख्या देवाच्या वकिलांवर येऊन पडायची.

गावाचं नाव सांगत नाही. बोरीपासून तीन कोस आत, एवढं पुरे. तिथं अजून माणसं राहतात, त्यांची नातवंडं शिकलीसवरली आहेत, आणि मी सांगणार आहे ते त्यांना आवडायचं नाही. न आवडो. निजामाचं राज्य होतं, रझाकार हा शब्द अजून गावात कुणाच्या कानावर आला नव्हता. मी तिथल्या मदरशात मास्तर होतो. मदरसा म्हणजे चावडीमागची एक पडवी आणि चाळीस पोरं. हिंदू पोरांसाठी 'अखलाक' नावाचा एक तास असायचा, म्हणजे नीतीचे पाठ. खरं बोलावं, शेजाऱ्याला पीडा देऊ नये, असलं सगळं. तो तास मी घ्यायचो आणि चांगला घ्यायचो. राहायला खोली मिळाली ती मुंजाजीच्या कामाच्या छपराला लागून. मधे एकच भिंत, तीही कुडाची. त्यामुळं त्याचा रंधा आणि त्याचं बोलणं, दोन्ही मला दिवसभर फुकट मिळायचं.

माणूस उंच, किडकिडीत, कानावर शिसपेन्सिल. लाकूड सरळ आहे का बघायला एक डोळा मिटायची सवय, ती इतकी अंगवळणी पडलेली की माणसाशी बोलतानाही तो एक डोळा मिटायचा. समोरच्याला वाटायचं, हा आपला बाक मोजतोय. कुणाच्याही घरी गेला की आधी चौकट हलवून बघणार, मग आत येणार. पाटलाच्या घरी लग्नाचं जेवण होतं, साऱ्या पंगतीसमोर यानं सांगितलं की दाराला वाळवी लागलीय आणि पुढच्या पावसाळ्यात ते पडणार. पाटील जेवता जेवता थांबले. दार पुढच्या पावसाळ्यात पडलं, त्याचाही राग पाटलांनी मुंजाजीवरच काढला.

देवाला तो 'वरचा पाटील' म्हणायचा. खालच्या पाटलाला हे ठाऊक होतं आणि त्याला त्यात आपला मान वाटायचा. मुंजाजीच्या मनात काय होतं ते त्याला कधी कळलं नाही.

त्याची बायको पटकीच्या साथीत, कॉलऱ्यानं, गेली होती. लेक गिरजा तेव्हा चार वर्षांची. लोक समाचाराला आले आणि रीतीप्रमाणं म्हणाले की देवाला चांगली माणसं हवीहवीशी वाटतात, म्हणून तो लवकर नेतो. यानं विचारलं, मंग पाटलाच्या म्हाताऱ्याला नव्वद वर्सं ठिवलंय ते कामून? त्या दिवसापासून त्याच्याकडं समाचाराला जाणं लोकांनी कमी केलं. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. पोरीची वेणी तो स्वतः घालायचा. लाकूड तासायचा वाकस धरून घट्टे पडलेल्या त्या हातांनी तीन पेडांची वेणी अशी घट्ट आणि सरळ घालायचा की बायका विहिरीवर गिरजाला वळवून वळवून बघायच्या आणि हसायच्या. पोरीला लांब द्यायची नाही म्हणून खालच्या वाडीत दिली. ओढ्याकाठानं गेलं तर दीड कोस. सकाळी उठून हा माळवदावर चढायचा, वाडीकडं बघायचा, धूर दिसला की खाली येऊन दात घासायचा. मी एकदा म्हणालो, अहो, तो कुणाच्याही चुलीचा धूर असेल. तो म्हणाला, असू द्या की, समद्या चुली पेटल्या म्हंजी तिचीबी पेटली.

रोजची बैठक त्याची आणि कासीम मुल्लाची. मुल्ला बकऱ्यावर कलमा पढायचा, दर्ग्यात दिवा लावायचा आणि उरलेला दिवस बाजा, म्हणजे खाटा, विणायचा. बाजेची चौकट मुंजाजीची, सुंभ मुल्लाचा. त्यामुळं दोघं एकाच छपराखाली. मुल्लानं एकदा सैतानाची हकीकत सांगितली. अल्लानं मातीचा माणूस केला, सगळ्या फरिश्त्यांना त्याच्यापुढं वाकायला सांगितलं, सगळे वाकले, इब्लीस तेवढा वाकला नाही. म्हणून त्याला हाकलला, तोच सैतान.

मुंजाजीनं रंधा ठेवला. एवढाच गुन्हा का, म्हणाला. मुल्ला म्हणाला, एवढाच कसा, तो माणसाच्या कानात वाईट बोलतो, बहकावतो.

"बोलतोय. बरं. आन् मारतो का?"

"नै रे बाबा. मौत अल्लाके हात में."

"पटकी कुनाच्या हातात?"

मुल्लानं सुंभाची गाठ आवळली. मग म्हणाला, "वो भी उसीके. आजमाता है बंदे को."

"म्हंजी सैतान निस्ता बोलतोय. मारणारा येगळाच हाय, आन् नाव खराब कुणाचं तर सैतानाचं." त्यानं एक डोळा मिटून मुल्लाकडं बघितलं. "तरी तुमचं बरं हाय. वाईट कामाला येगळा माणूस ठिवलाय. आमच्या वरच्या पाटलाला दोन्ही कामं एकट्यालाच करावी लागत्यात."

मुल्ला मोठ्यानं हसला, मग तोबा म्हणून दोन्ही गाल बडवले आणि पुन्हा हसला. मी भिंतीपलीकडं पोरांच्या पाट्या तपासत होतो. मलाही हसू आलं. तेव्हा ही करमणूक होती.

गावात लिंगायतांची दहा-बारा घरं होती. दुकानदार, दोन बागाईतदार. श्रावणात त्यांच्याकडं शिवकीर्तन असायचं आणि सारं गाव लोटायचं. त्या साली आलेले महाराज गळ्याचे गोड होते. त्यांनी ती कथा लावली, देव अतिथी होऊन येतो आणि एका भाविक जोडप्याकडं त्यांच्या पोटच्या पोराचंच जेवण मागतो. आई डोळ्यांतून टिपूस न काढता पोराला उखळात कांडते, गाणं म्हणत कांडते. मग देव प्रसन्न होतो, पोराला हाक मारा म्हणतो, पोर हसत धावत येतं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. माझेही डोळे ओले होते, उगाच खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मुंजाजी उठून उभा राहिला. हात जोडूनच उभा राहिला, हे मुद्दाम सांगतो.

"म्हाराज, पोर परत दिलं, लय चांगलं केलं. पर कांडताना त्या मायला जे वाटलं असंल, ते देवानं परत घेतलं का?"

महाराजांचा टाळकरी टाळ धरून तसाच राहिला. महाराज म्हणाले, तिला काही वाटलंच नाही, ती भक्त होती. मुंजाजी म्हणाला, काहीच वाटलं न्हाई तर मंग ती माय कसली, आन् वाटलं आसंल तर हा देव कसला. एवढं बोलून तो खाली बसला, आणि गंमत म्हणजे आरती होईपर्यंत बसून राहिला, प्रसादही घेतला. लिंगायतांच्या शिवप्पा वाण्यानं त्याला दुसऱ्या दिवशी दुकानात मीठ दिलं नाही. दोन दिवसांनी दिलं, कारण वाण्याच्या तागडीचा दांडा मोडला होता.

आता गाड्याचं सांगतो. एवढा वेळ टाळत होतो.

गावात पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचा, ही आमच्याकडची रीत. कडूनिंबाच्या ताज्या लाकडाचा दीड हात लांबीचा गाडा. चार चाकं, वर लहानसा देव्हारा, त्यात आईची लाकडी मूर्ती. लाल फडकं, हिरव्या बांगड्या, लिंबं, दहीभात. हलगी वाजवत गाडा दोरीनं ओढत न्यायचा आणि गावाच्या शिवेपलीकडं, दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा. रोग गाड्याबरोबर गेला. कुठं गेला? तिकडं. तिकडचं गाव मग आपला गाडा काढतं आणि पुढच्या शिवेवर सोडतं. अशी ती आई गावोगाव हिंडायची, आणि प्रत्येक गाव तिला साडी-चोळी करून शेजाऱ्याच्या अंगावर घालायचं. मी अखलाकच्या तासाला शिकवायचो, शेजाऱ्याला पीडा देऊ नये. त्याच आठवड्यात पोरं गाड्यामागं हलगीच्या तालावर नाचायची, आणि मी त्यांना कधी एका शब्दानं अडवलं नाही.

गाडा सुतारानं करायचा. बलुतेदारच तो, नाही म्हणायची सोय नाही. उपाशीपोटी, एका दिवसात करायचा. आणि एक नेम असा, की गाडा वेशीत नेऊन दिला की सुतारानं डोक्यावरून पाणी घ्यायचं, घरात जाऊन दार लावून घ्यायचं, गाडा शीव ओलांडेपर्यंत बाहेर डोकवायचं नाही. करणाऱ्यानं जाताना बघितलं तर आई त्याच्या मागं परत येते म्हणे. मुंजाजीनं असे पाच गाडे केले होते, आणि त्या गाड्यांचा त्याला अभिमान होता. चाकं अशी गोल की एक चिंधी वंगणाची लागायची नाही. बाकीच्या गावांचे गाडे ढेकळात अडायचे, अपशकुन व्हायचा. मुंजाजीचा गाडा कधी अडला नाही. देवाला शंभर प्रश्न विचारणाऱ्या या माणसानं, आपला गाडा जातो कुठं आणि तिथं पुढं काय होतं, हे पाच वेळांत एकदाही विचारलं नव्हतं. दार लावून बसायची रीत होती, हा बसायचा.

त्या उन्हाळ्यात पटकी आली ती कोष्ट्यांच्या आळीत. आठ दिवसांत गाव हादरलं. टोचायला डॉक्टर आला होता, तो म्हणाला पाणी उकळून प्या, ओढ्यात मेलेल्यांची कापडं धुऊ नका. चावडीवर हे मी वाचून दाखवलं. लोकांनी ऐकून घेतलं. मी स्वतः पाणी उकळून प्यायलो आणि वाचून दाखवलं यातच माझं कर्तव्य झालं असं समजलो.

गाडा दर वेळी उगवतीला जायचा. यंदा उगवतीच्या गावानं शिवेवर काठ्या घेऊन माणसं बसवली होती. तुमचा गाडा आला तर डोकी फुटतील, असा निरोप आला होता. म्हणून सकाळी पाटलाच्या ओट्यावर बैठक बसली आणि ठरलं की गाडा ओढ्याकाठानं खाली न्यायचा, वाडीकडं. वाडी लहान, तिथं काठ्या घेऊन बसायला माणसं नाहीत. दुपारी एका बाईच्या अंगात आलं, आणि आईनं नेमकं तेच सांगितलं जे सकाळी ओट्यावर ठरलं होतं. मला कसं ठाऊक? मी ओट्यावर बसलो होतो. पाटलाकडं पगाराच्या कागदावर सही घ्यायला गेलो होतो, आणि चहा पीत सगळं ऐकलं.

तिथून खोलीवर आलो. भिंतीपलीकडं वाकस चालला होता. मुंजाजी चाक करत होता, उपाशी, आणि चाक फिरवून स्वतःशीच हूं म्हणत होता. मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, हे मी पुढं किती वेळा घोळवलं असेल. पाटलानं बदली केली असती, दुसरं काय. मी मूग गिळून बसलो. त्यानं भिंतीपलीकडून विचारलं, मास्तर, जेवलात का? मी हो म्हणालो.

उन्हं कलायच्या आत गाडा गेला. मुंजाजीनं डोक्यावरून पाणी घेतलं, आत गेला, दार लावलं. अर्ध्या घटकेनं कासीम मुल्ला बकरी घेऊन ओढ्याकडून आला. त्यानं सरळ मुंजाजीचं दार ठोठावलं. रीतबीत त्याला लागू नव्हती. गाडा खाली जातोय, वाडीकडं, एवढंच तो म्हणाला. दार उघडलं. ओल्या केसांनी, लंगोटीवरच, खांद्यावर पंचा, हातात वाकस घेऊन मुंजाजी धावत सुटला. पन्नाशीचा माणूस तो. मी त्याला त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं.

पुढचं मी लांबून पाहिलं, कारण मी त्याच्या मागं गेलो. लोक गाडा सोडून परतत होते. त्यांनी याला बघितलं आणि ओरडले, माघारी हो, माघारी हो. हा त्यांच्यामधून आरपार गेला. गाडा वाडीच्या हद्दीत वीसेक पावलं आत उभा होता, कुठंही न अडता गेलेला. मुंजाजीनं वाकसानं तो मोडला. चार चाकं, दांड्या, देव्हारा, सगळं. मूर्ती तेवढी फोडली नाही. मग लाकडं गोळा केली, खांद्यावरच्या पंच्यात बांधली, मोळी डोक्यावर घेतली, मूर्ती काखेत मारली आणि सगळं उचलून गावात परत आणलं. माणसं वाट सोडून पळत होती. आपल्या छपराखाली त्यानं ते टाकलं आणि म्हणाला, "हितं राहू द्या हिला. माझ्यात राहू द्या."

तिसऱ्या दिवशी पाटलाची सून गेली. ओढ्याच्याच पाण्यानं गेली, पण हे कोण ऐकतो. गावाला कारण सापडलं. इतके दिवस पटकी देवीनं आणली म्हणून तिच्यापुढं माना खाली घालणारी माणसं, आता छाती पुढं काढून मुंजाजीच्या दारावर दगड टाकू लागली. न्हाव्यानं डोई करायची बंद केली, धोब्यानं कापडं बंद केली, विहिरीवर चढू देईनात. कुणीतरी त्याच्या दाराला कोळशानं शिंगं असलेलं तोंड काढलं. मुल्ला तेवढा त्याला भाकरी आणून द्यायचा. एकदा मुल्ला म्हणाला, तेरेकू गाव में सैतान बोलते रे मुंजाजी. हा भाकरी खाता खाता म्हणाला, बरं झालं, आमच्यात ती जागा रिकामीच होती.

आठव्या दिवशी वाडीत पटकी शिरली. गाडा तिथं टिकला नव्हता, पण ओढा काही थांबत नाही. वरच्या गावची कापडं धुतलेलं पाणी वाडी पीत होती. गिरजाचा पोरगा तीन वर्षांचा होता. तो पहिल्या दिवशीच गेला.

मुंजाजी निघाला तेव्हा त्याच्याबरोबर जायला गावातलं कुणी नव्हतं. मी गेलो. पापाची थोडी टोचणी होती, म्हणून गेलो. वाडीत माणसं आम्हाला बघून घरात शिरली. गिरजाच्या सासऱ्यानं ओटा उतरून आम्हाला अडवलं. गाडा वाडीच्या हद्दीत आला होता, तो गिरजाच्या बापाच्या हातचा होता, एवढं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. तेवढ्यात गिरजा आली आणि अर्ध्या दारात उभी राहिली. डोळे कोरडे होते. मुंजाजी घाईघाईनं बोलू लागला. बाई, गाड्यानं काय व्हत न्हाई, डागदर म्हणला पाण्यानं व्हतंय, ओढ्याचं पाणी, मास्तरला इचार. मी मान हलवली.

गिरजानं त्याला संपवू दिलं. मग हळू आवाजात विचारलं.

"बा, गाडा खोटा व्हता तर मोडायला धावत कामून आलास? आन् खरा व्हता, तर इतकी वर्सं दुसऱ्यांच्या लेकरांवर करून पाठवलास ना?"

मुंजाजीनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडं बघत होतो. महाराज, मुल्ला, पाटील, मी, आम्हा सगळ्यांना या माणसानं गप्प केलं होतं. त्याचे ओठ दोन-तीनदा हलले आणि मिटले. गिरजा थोडा वेळ थांबली. खरंच उत्तरासाठी थांबली होती, असं मला वाटलं. मग तिनं दार लावलं.

परत येताना ओढ्यात तो उकिडवा बसला. मला वाटलं रडेल. पाण्याकडं बघत म्हणाला, "मास्तर, आपुन इचारलं की वरचा पाटील गप कामून बसतोय, ते आज कळलं. तोंड न्हाई त्याला." सकाळच्या त्या बैठकीचं मी तेव्हाही सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालाच सांगतोय.

पुढं महिनाभरात त्यानं गाव सोडलं. गेला कुठं, तर आमच्या गावाच्या आणि वाडीच्या मधल्या शिवेवर. दोन्हीकडचं कुणी त्याला आत घेत नव्हतं, म्हणून मधल्या पट्टीत बाभळीखाली छप्पर घालून राहिला. औतं-कुळव दुरुस्त करून पोट भरायचा. लोक औत लांब ठेवून जायचे आणि लांबूनच उचलून न्यायचे. दोन वर्षांनी वरच्या बाजूच्या एका गावात पटकी आली आणि त्यांचा गाडा शिवेवर आला. हा पुढं झाला आणि म्हणाला, फुडं नेऊ नका, माझ्यापाशी ठिवा. लोक आधी घाबरले. मग त्यांच्या ध्यानात आलं की हे फार सोयीचं आहे. ना शेजाऱ्याशी भांडण, ना काठ्या. झालं, पंचक्रोशीला एक जागा मिळाली. पटकी आली, देवी आली, गुरांना रोग आला, चला मुंजाजीच्या शिवेवर. गाडा ठेवायचा आणि निघायचं, त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. काही बायका तर त्याच्या छपरापुढं नारळ ठेवायला लागल्या. शिव्या देत नव्हत्या आणि नमस्कारही करत नव्हत्या. त्याला काय समजायचं, हे त्यांचं त्यांना ठरत नव्हतं.

मी त्याला शेवटचा पाहिला तो अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात. रझाकारांची धाड बोरीच्या बाजूला पडू लागली होती. मी बायकापोरांना गाडीत घालून वऱ्हाडात सासुरवाडीला निघालो होतो. वाट त्याच शिवेवरून जात होती. सकाळची वेळ. त्याच्या छपरापुढं दहा-बारा गाडे ओळीनं उभे होते. काही पावसानं कुजलेले, काहींवरचं लाल फडकं अजून ताजं. तो बराच वाकला होता. मी गाडी थांबवली आणि खाली उतरलो. दोन शब्द बोललो असू नसू, तेवढ्यात वाडीकडून हलगी ऐकू आली.

वाडीचा गाडा येत होता. पुढं दोरी धरून गिरजा होती. ज्या घरात रोग शिरला त्या घरच्या बाईनं दोरी धरायची, असं वाडीत करतात. ती जवळ आली तसा मुंजाजी दोन्ही हात पुढं करून उभा राहिला. बाकीची माणसं दहा पावलांवर थांबली. गिरजा एकटी पुढं आली. त्या दारातल्या दिवसापासून पाच वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. तिनं दोरी त्याच्या हातात दिली.

"घरी पोर दुखण्यानं निजून हाय माझी," ती म्हणाली. "घे हे."

त्यानं दोरी घेतली. ती वळली आणि चालू लागली. गाडा सोडल्यावर मागं वळून बघायचं नसतं, आणि तिनं बघितलं नाही. हलगी थांबली होती, ती माणसं निघून गेली.

मुंजाजी दोरी धरून तसाच उभा होता. मला वाटलं, आता याला काय बोलावं. तर त्यानं एक डोळा न मिटता, दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंडभर हसत होता.

"ऐकलं का मास्तर? पोर हाय म्हणली. मला नात झाली, मला कुनी सांगितलंच नव्हतं."

मग तो गाडा ओढत छपराकडं घेऊन गेला.